रात्रीची ठकठक

रात्री साडेअकराची वेळ. दिवे मालवलेले, पंखा दोनवर, आणि दिवाणाखालून आवाज येतो, ठक, ठक, ठक. जरा थांबतो. पुन्हा ठक, ठक. पाहुण्याला वाटतं, वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकतंय. ज्याच्या घरात कुत्रं आहे त्याला मात्र तो आवाज झोपेतही कळतो. मागचा पाय मानेशी जोरजोरात चालतोय आणि दर फेरीला फरशीवर आपटतोय. "गुंड्या, गप झोप!" असं मी कित्येक रात्री ओरडले आहे. तो बिचारा ऐकायचाही. म्हणजे खाजवणं थांबवून पंजे चाटायला लागायचा. चाटण्याचा आवाज कमी, तेवढीच माझी झोप.

गुंड्या आमचा लॅब्रेडॉर, रंगाने लोण्यासारखा. तो दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा मी त्याला खाजेसाठी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कुठे खाजवतो?" मी म्हटलं, "सगळीकडे." ते हसले. "सगळीकडे म्हणजे तुम्ही नीट बघितलेलं नाही. चार दिवस बघा, लिहून ठेवा, मग या." औषधाची चिठ्ठी न देता त्यांनी परत पाठवलं, आणि मी रिक्षात बसून घरापर्यंत धुसफुसत आले. पुढे कळलं, की त्या दिवशी मला मिळालेला सल्ला पुढच्या सगळ्या औषधांपेक्षा मोलाचा होता.

खाज म्हणजे तापासारखी गोष्ट. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, घसा बिघडल्यानेही येतो. तशी खाज पिसवांनी येते, बुरशीने येते, खाण्याने येते, हवेतल्या धुळीनेही येते. पण ती कुठे येते, यावरून पुष्कळ उलगडा होतो. शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर कुत्रं मक्याचं कणीस खाल्ल्यासारखं पुढच्या दातांनी कुरतडत असेल, तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. कानाच्या कडा आणि कोपरं यांना खपल्या धरल्या असतील आणि खाज पराकोटीची असेल, तर लूत. पंजे, काखा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि सतत दुखणारे कान ही अ‍ॅलर्जीची आवडती ठिकाणं. चार दिवसांत मी पाहिलं ते असं : गुंड्या संध्याकाळी फिरून आल्यावर पुढचे पंजे चाटतो, बोटांच्या बेचक्या लालसर आहेत आणि तिथले पांढुरके केस गंजल्यासारखे तांबूस झाले आहेत. तो रंग रक्ताचा नसतो. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, सारखं चाटलं की ती केसांवर चढतात. फिकट रंगाच्या कुत्र्याचे पंजे म्हणजे त्याची रोजनिशीच. काळ्या कुत्र्याच्या मालकाला ही सोय नाही, त्याने बेचक्या उघडून बघायच्या.

आता थोडं कातडीबद्दल. एवढ्या केसांखाली असते म्हणून कुत्र्याची कातडी जाडजूड असेल असं आपल्याला वाटतं. खरं उलट आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा ते पंधरा थर असतात, कुत्र्याच्या बाह्यत्वचेत केसाळ भागावर जेमतेम तीन ते पाच. संरक्षणाचं काम केसांवर सोपवून निसर्गाने खालचा पापुद्रा पातळ ठेवला आहे. आपली त्वचा आम्लधर्मी, तिचा सामू साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची उदासीनाच्या जवळ, सातच्या आसपास. त्यामुळे आपला शाम्पू, आपला साबण त्याला मानवत नाही. आणि अंघोळीच्या बादलीत जंतुनाशकाचं तपकिरी द्रावण टोपणभर ओतायची जी पद्धत घरोघरी आहे, ती कृपा करून बंद करावी. पाणी पांढरं झालं की मालकाला समाधान मिळतं, कुत्र्याला मिळते कोरडी, तडकलेली कातडी. मांजराच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकतं. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग बसून निवांत पंजे चाटतं. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवणं, एवढाच त्यावर उपाय.

पिसवांविषयी मात्र सविस्तर सांगते, कारण पाळलेल्या कुत्र्या-मांजरांच्या खाजेत त्यांचा वाटा मोठा असतो आणि जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो, "आमच्याकडे पिसवा नाहीत." मीही म्हटलं होतं. डॉक्टरांनी मला उवा काढायची बारीक दातांची फणी घेऊन यायला सांगितलं. शेपटीच्या मुळाशी त्यांनी ती केसांत खालपर्यंत दाबून चार वेळा ओढली आणि टेबलावरच्या ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. मिरपुडीसारखे काळे कण पडले. "माती आहे, काल बागेत लोळला होता," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. मिनिटभरात त्या कणांभोवती ओल्या कागदावर विटकरी डाग पसरायला लागले. माती अशी पसरत नाही. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे गुंड्याचंच पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नव्हती आणि पुरावा कागदावर ओला पडला होता.

दिसत का नव्हती, त्याचं कारण तिच्या संसारात आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसणारी प्रौढ पिसू ही घरातल्या एकूण पिसू-कुटुंबाच्या सुमारे पाच टक्केच. उरलेले पंचाण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोश या रूपात घरात असतात. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती केसांना चिकटत नाहीत, ओघळून पडतात, आणि कुत्रं जिथे जास्त वेळ झोपतं तिथे त्यांचा साठा होतो. अळी उजेड टाळते, सोफ्याच्या सांध्यात, दिवाणाखाली, फरशीच्या फटीत सरकते. तिचं अन्न काय? वरून पडणारे तेच मिरपुडीसारखे कण. आई रक्त पिते आणि पोरांसाठी वाळवून खाली टाकते. किडा नकोसा असला तरी त्याच्या या व्यवस्थेला दाद द्यावी लागते.

सगळ्यात चिवट म्हणजे कोश. त्याच्या आत तयार पिसू महिनोन् महिने थांबून राहते, आणि बाहेर हादरा, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की उडी मारते. मे महिन्यात कुत्र्यासकट सगळं घर गावी जातं, फ्लॅटला कुलूप. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येऊन दार उघडलं, बॅगा टेकवल्या, की दहा मिनिटांत पोटऱ्यांवर लाल ठिपके. शेजारच्यांना वाटतं, बंद घरात पिसवा 'झाल्या'. झाल्या नव्हत्या, वाट बघत बसल्या होत्या.

म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून पिसवा जात नाहीत. त्याची गोधडी आठवड्याला चांगल्या गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, धुवावी आणि कडक उन्हात घालावी. दिवाण सरकवून खालून झाडावं. व्हॅक्युम क्लीनर असेल तर सांधे-कोपरे ओढून घ्यावेत आणि पिशवी लगेच घराबाहेर टाकावी. घरातल्या प्रत्येक प्राण्याला एकाच वेळी औषध द्यावं, मांजराला मांजराचं आणि कुत्र्याला कुत्र्याचं. हे सलग तीन महिने तरी करावं लागतं, कारण कोशातल्यांची फौज हप्त्याहप्त्याने बाहेर येत राहते. पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला शंभर पिसवांची गरज नसते, एका-दोघींचे चावे पुरतात. 'एखाददुसरी असेलही' हे वाक्य त्याच्या बाबतीत निष्काळजीपणाचं.

गोचिडींची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. आपल्याकडच्या घरांत सापडते ती बहुतेक तपकिरी गोचीड. आयुष्यात तीन वेळा ती कुत्र्यावर चढते, पोटभर रक्त पिऊन उतरते. शेवटच्या खेपेला वाटाण्याएवढी टम्म फुगलेली मादी भिंत चढून विजेच्या बोर्डामागे किंवा चौकटीच्या फटीत जाते आणि हजारोंनी अंडी घालते. बाल्कनीच्या भिंतीवर तिळासारखे ठिपके चढताना दिसले तर ते मोजत बसू नका, त्या फटी सिमेंटने बुजवा. नुसत्या चाव्याने कातडीला होतो त्याहून रक्ताला होणारा त्रास मोठा. एर्लिकिया, बबेसिया हे ताप हीच मंडळी आणतात. बबेसियाची एक जात, बबेसिया गिब्सोनाय, 1910 साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तातच पहिल्यांदा वर्णन केली गेली, तेव्हा हा पाहुणा परका म्हणता येत नाही. कुत्रं दोन दिवस जेवत नाही, हिरड्या फिकट दिसतात, नाकातून रक्त येतं, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून घरी थांबू नये.

गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीच्या अगदी लगत धरून, सरळ वर ओढून. जळती काडी टेकवायची नाही, रॉकेल लावायचं नाही आणि नखाने तर मुळीच चिरडायची नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. पण रोज संध्याकाळी गोचिडी वेचत बसण्यापेक्षा त्या चढूच नयेत याची औषधं आता चांगली मिळतात. मानेवर थेंब टाकायचे, गळ्यात पट्टा बांधायचा किंवा गोळी द्यायची. काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही सुमारे तीन महिने. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर गोळीआधी डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आणि दोन गोष्टी ठळक अक्षरांत वाचाव्यात. गोठ्यात गुरांवर मारायचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला घालू नये. आणि पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही, थेंबभरसुद्धा, लावू नये. मांजर त्याने मरतं.

पाऊस सुरू झाला की दवाखान्यात रांग लागते. जून ते सप्टेंबर आपली हवा दमट, त्यात कुत्रं भिजून येतं, आपण वरवर पुसतो आणि आतल्या केसांत ओल राहते. त्या उबदार ओलीत दोघे माजतात : एक जिवाणू, स्टॅफिलोकॉकस जातीचा, आणि एक यीस्ट, मॅलासेझिया. दोघेही निरोगी कुत्र्याच्या अंगावर एरवी गुण्यागोविंदाने राहत असतात. मॅलासेझिया वाढली की ती नाकालाच कळते. जुन्या खोबरेलासारखा खवट वास येतो, मानेखालची कातडी तेलकट लागते, कानात तपकिरी मळ साचतो. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे पाणी गेलं की निघत नाही, आणि लोंबते कान वरून झाकण घालतात. कानात कापूस लावलेली काडी फिरवणारे लोक मळ आत ढकलतात. कानाचं द्रव औषध ओतावं, खालून चोळावं, कुत्र्याला डोकं झाडू द्यावं, बाहेर आलेलं पुसावं. बस.

आमच्या दाराशी चपलांच्या स्टँडवर एक खिळा आहे, त्याला गुंड्याचा पंचा असतो. टर्किश टॉवेल नव्हे, साधा सुती पंचा, कारण तो बोटांच्या बेचक्यांत जातो आणि दोन तासांत वाळतो. फिरून आलं की चारही पंजे साध्या पाण्याने धुवायचे आणि प्रत्येक बेचकी कोरडी करायची. दीड मिनिटाचं काम. पावसाळ्यात एवढं एकच करायची तयारी असेल तर हे करा. पंज्यांना चिकटून येणारे परागकण, धूळ, गवताचा चीक, सगळं दाराबाहेर राहतं आणि ओलही राहत नाही.

गवतावरून आठवलं. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी किंवा रिकाम्या प्लॉटवर कुत्रं सोडणाऱ्यांना गाजरगवत ओळखू आलं पाहिजे. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरातच त्याची ठळक नोंद झाली, आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, आणि पुढे देशभर पसरलं. माणसांना आणि गुरांना त्याच्या संपर्काने त्वचादाह होतो हे चांगलं माहीत आहे. पोटावर केस विरळ असलेल्या, आधीच खाजणाऱ्या कुत्र्याला त्यात लोळू देण्यात शहाणपण नाही.

केसांबद्दल एवढंच, की हस्कीला पुण्या-मुंबईत आणणं हा मुळात माझ्या मते अन्यायच आहे. पण आणलाच असेल तर उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने भादरू नका. दुहेरी आवरणाचे केस उन्हापासूनही वाचवतात आणि एकदा भादरले की पूर्वीसारखे येतीलच असं नाही. आतली गळकी लव रोज विंचरून काढा. आपल्या कारवानी किंवा गावठी कुत्र्याचा आखूड कोट भिजून अर्ध्या तासात वाळतो, ही त्याची पावसाळ्यातली मोठी मिळकत.

अ‍ॅलर्जीचा खरा गुंता आता येतो. अ‍ॅटोपी, म्हणजे हवेतल्या घटकांची जन्मजात अ‍ॅलर्जी, टाळता येत नाही. ती रक्तातून येते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शिह त्झू, बॉक्सर, जर्मन शेफर्ड या जातींत ती जास्त, आणि बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. माणसाला धुळीची अ‍ॅलर्जी झाली की शिंका येतात, कुत्र्याचं शिंकणं कातडीतून होतं. त्यात घरातल्या धुळीतले सूक्ष्म माइट्स हे नेहमीचे आरोपी.

मग प्रतिबंध कशाचा करायचा? त्वचातज्ज्ञ ज्याला खाजेचा उंबरठा म्हणतात, त्याचा. थोडीशी धुळीची अ‍ॅलर्जी असलेलं कुत्रं उंबरठ्याच्या आत असतं, म्हणजे खाजवत नाही. त्याला चार पिसवा लागल्या, पाय दोन दिवस ओले राहिले, कानात यीस्ट वाढलं की ते उंबरठा ओलांडतं आणि रात्री ठकठक सुरू होते. धूळ आपल्याला शून्यावर आणता येत नाही. पण पिसवा आणता येतात, ओल आणता येते, यीस्टही आणता येतं. जे हातात आहे ते काढलं तर जे हातात नाही ते बऱ्याचदा सुसह्य होतं. यासाठीच अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला आठवड्याला एक अंघोळही चालते, 'महिन्यातून एकदाच' हा नियम त्याला लागू नाही. मात्र शाम्पू डॉक्टरांनी सांगितलेला, पाणी कोमट, आणि फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं. आपल्या अंदाजाची दहा मिनिटं तीन मिनिटांत संपतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर औषधं आहेत. 2013 साली अमेरिकेत ऑक्लासिटिनिब नावाची गोळी मान्य झाली, ती खाजेचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या साखळीतच आडवी येते. त्याआधी मुख्य आधार होता तो स्टेरॉइडचा. स्टेरॉइड वाईट नव्हे, योग्य हातात ते वरदान आहे. वाईट आहे ते मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं. विशेषतः त्या छोट्या ट्यूबा, ज्यांत बुरशीचं, जिवाणूचं आणि कडक स्टेरॉइडचं औषध एकत्र कोंबलेलं असतं. माणसांत त्यांनी गजकर्ण चिवट करून ठेवलाय, आणि कुत्रं तर लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. खाजेवर लावायच्या गुलाबी लोशनमध्ये जस्ताचं संयुग असतं, तेही चाटण्याजोगं नाही.

गुंड्याच्या पिसवा गेल्या, पंचा सुरू झाला, ठकठक निम्म्यावर आली. पूर्ण गेली नाही. तेव्हा डॉक्टर खाण्याकडे वळले. खाण्याची अ‍ॅलर्जी रक्त तपासून विश्वासाने कळत नाही, मोठमोठे अहवाल छापून मिळाले तरी. एकच खात्रीचा मार्ग आहे : आठ आठवडे कुत्र्याला असं काहीतरी द्यायचं जे त्याने आयुष्यात खाल्लेलं नाही, आणि दुसरं काहीच द्यायचं नाही. मग जुनं अन्न एकेक करून परत देऊन बघायचं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. बीफ 34 टक्के, दूध-दुभतं 17, चिकन 15, गहू 13. ही यादी 'वाईट' पदार्थांची नाही. जे जास्त खाल्लं जातं त्याचीच अ‍ॅलर्जी दिसते. म्हणजे आपल्या घरांत संशय घ्यायचा तो चिकन-भातावर आणि दूध-पोळीवर, ज्यावर आपली बहुतेक कुत्री वाढतात.

डॉक्टरांनी गुंड्याला बांगडा आणि लाल भोपळा लावला. आम्ही देशावरचे, घरात मासे कधी शिजत नसत, त्यामुळे बांगडा त्याला नवाच होता. पाचव्या आठवड्यातही पंजे लालच. डॉक्टर माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे वळले. त्या हौसेने बरोबर आल्या होत्या.

"आजी, खरं सांगा. तुम्ही काय देता?"

"मी? काही नाही हो. सकाळी माझ्या चहाबरोबर अर्धं बिस्किट. ते काय खाणं म्हणायचं?"

"चहात बुडवून?"

"कोरडं त्याच्या घशाखाली उतरत नाही."

गहू, दूध, साखर, सगळं त्या अर्ध्या बिस्किटात. पाच आठवडे पाण्यात. सासूबाई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून भोपळ्याच्या शिजवलेल्या फोडी त्यांच्या बशीत आल्या, आणि सकाळची ती दोन मिनिटं दोघांचीही वाचली. या चाचणीत घरातली सगळी माणसं रुग्ण असतात हे लक्षात ठेवावं. मोलकरीण, वॉचमन, शाळेतून येणारी मुलं, सगळ्यांना सांगावं लागतं. जंताच्या आणि गोचिडीच्या काही गोळ्याही मांसाच्या चवीच्या असतात, तेव्हा त्या आठ आठवड्यांत कोणती द्यायची ते विचारून घ्यावं. आम्ही पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आठ आठवड्यांनी दूध परत दिलं, चार दिवसांत कान लाल. चिकनने काही झालं नाही. गुंड्याचं दूध बंद झालं, चिकन चालू राहिलं. उरलेली थोडी खाज धुळीची आहे, ती असणार आहे.

लुतीबद्दल शेवटी लिहायचं म्हणून राहिलं, पण तो विषय कमी महत्त्वाचा नाही. मराठीत 'लूत लागलेलं कुत्रं' ही शिवी आहे, आणि शिवीमुळे उपचार राहतात. लूत दोन प्रकारची. सार्कोप्टिस नावाचा किडा कातडी पोखरतो, प्रचंड खाज आणतो आणि संसर्गाने पसरतो. कुत्र्याच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकी चोळली, की त्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो, ही डॉक्टरांची जुनी खूण. असं कुत्रं उचललेल्या माणसाच्या हातांवर, पोटावरही खाजरे पुरळ उठतात, पण कुत्र्यावर उपचार झाले की ते सहसा आपसूक जातात. दुसरी लूत डेमोडेक्सची. हे किडे पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या दुधावर असताना मिळतात, जवळपास सगळ्या कुत्र्यांवर थोडे असतात, आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली तरच उपद्रव करतात. डोळ्यांभोवती टक्कल पडलेलं पिल्लू बघून त्याला हाकलायचं कारण नाही, ती लूत आपल्याला लागत नाही.

दोन्हींवर आता खात्रीची औषधं आहेत. तरी गल्लीत अजून कोणीतरी गॅरेजमधून जळकं इंजिन ऑइल आणतो आणि मोठ्या भूतदयेने कुत्र्याला माखतो. ते तेल कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, विषारी असतं. गंधकाचा आजीबाईचा उपाय मात्र अगदीच खोटा नव्हता. चुना-गंधकाचं द्रावण पशुवैद्यक आजही वापरतात, पण मोजून पातळ केलेलं. चुलीवर अंदाजाने कढवलेलं नाही.

पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू मुलं घरी आणतात, आठवडाभराने मुलाच्या दंडावर गोल चट्टा उठतो. हा नायटा, मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीचा. पिल्लाच्या अंगावर कधी काहीच दिसत नाही. म्हणून पिल्लू आणलंत तर अवश्य ठेवा, पण पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या फडक्यावर, डॉक्टरांना दाखवेपर्यंत. त्याची फणी दुसऱ्या प्राण्याला वापरू नका, गळलेल्या केसांवरचे बीजाणू वर्षभराहूनही जास्त तग धरतात.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, मोलकरणीचे खाडे, सगळं त्यावर. गेली चार वर्षं त्यात लाल पेनने 'गु' असतो, तो गुंड्याच्या गोळीचा, आणि हिरव्याने 'अं', तो अंघोळीचा. ज्या महिन्यात 'गु' राहिला, त्याच्या पुढच्याच महिन्यात 'डॉ' लिहिलेला आहे, मागची पानं उलटून मी हे दोनदा ताडून बघितलं. पुढची गोळी येत्या तीन तारखेला आहे. तुमच्या कुत्र्याला शेवटची कधी दिली होती ते आठवत नसेल, तर आज फणी आणि एक ओला पांढरा कागद घेऊन बसा.